रणगाड्याला मॅचिंग

परभणी शहरात हिरवा रंग मिळत नाही, हे विधान वरवर पाहता हास्यास्पद वाटते. वसमत रोडपासून जिंतूर रोडपर्यंत रंगांची जी दुकाने आहेत त्यांच्या शेडकार्डांवर पोपटी, शेवाळी, मेहंदी, बॉटल ग्रीन आणि ज्यांना नाव देताना कारखानदाराचीही कल्पनाशक्ती थकली अशा आणखी कित्येक छटा नांदतात, आणि त्यांपैकी हवी ती छटा यंत्रातून चहा होईपर्यंत कालवून मिळते. तरीही ‘प्रतिकृतीकार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका अल्पसंख्य जमातीच्या दृष्टीने हे विधान शब्दशः खरे आहे. प्रतिकृतीकार म्हणजे खऱ्या वाहनाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्लॅस्टिकची प्रतिकृती सुट्या भागांपासून जोडून रंगवणारा प्रौढ गृहस्थ. ‘प्रौढ’ हा शब्द येथे केवळ वयापुरता घ्यावयाचा आहे. प्रमाण बहुधा एकास पस्तीस असते, म्हणजे सुमारे सहा मीटर लांबीचा शेरमन रणगाडा या हिशेबाने जेमतेम वीतभर होतो. एवढ्या वीतभर वस्तूला रंग लावण्यास एक दुपार पुरते. तो रंग कोणता, हे ठरवण्यास मात्र अख्खा संसार पुरत नाही.

या व्याधीची स्थानिक लक्षणे साधारणतः ऑगस्टअखेरीस दिसू लागतात, कारण १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि त्या निमित्ताने एखाद्या शाळेत प्रदर्शन भरते. भारतीय सैन्याची हैदराबाद संस्थानावरील कारवाई, म्हणजे ‘ऑपरेशन पोलो’, १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली, औरंगाबादची बाजू मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्यांनी उघडली, जालन्याला १८ कॅव्हलरी या रिसाल्याचे काही रणगाडे लढाईत उतरले, आणि पाचव्या दिवशी निझामाने हार मानली. त्या काळी भारतीय सैन्याकडे शेरमन आणि स्ट्युअर्ट हे अमेरिकी बनावटीचे रणगाडे होते. इतिहासकार या प्रकरणात राजकारण पाहतात, कायदेपंडित सार्वभौमत्व पाहतात. प्रतिकृतीकाराला संस्थान का पडले याविषयी फारसे कुतूहल नसते, ते पाडणाऱ्या रणगाड्यावर कोणत्या डब्यातला रंग होता एवढेच त्याला हवे असते, आणि नेमके तेवढेच कोणी लिहून ठेवलेले नसते.

संशोधनाचा पहिला टप्पा छायाचित्रांचा. ती छायाचित्रे कृष्णधवल असतात, आणि कृष्णधवल छायाचित्रात गर्द हिरवा, तपकिरी व करडा हे तिन्ही रंग एकाच राखी वर्णात विलीन होतात. त्यातच ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे तांबडा प्रकाश न ओळखणारी, फिल्म वापरली गेली असेल तर तांबडी वस्तू काळी आणि निळी वस्तू पांढुरकी उमटते. एवढे सगळे ठाऊक असूनही भिंग डोळ्याला लावून “यात तर स्पष्ट हिरवा दिसतोय” असे ठणकावून सांगणारा विद्वान प्रत्येक जिल्ह्यात असतोच. दुसऱ्या कोणी तेच भिंग मागून घेतले की त्यातून छपाईचे ठिपके दिसतात.

छायाचित्रांनी दगा दिल्यावर संशोधन साक्षीदारांकडे वळते. १९४८ मध्ये ज्यांचे वय आठ-दहा वर्षांचे होते असे वृद्ध अजूनही गावोगाव भेटतात, आणि त्यांतले कोणी ना कोणी त्या दिवसांत जालन्याला मामाकडे असते. प्रतिकृतीकार वही उघडून त्यांच्यासमोर बसतो.

“आजोबा, रणगाड्याचा रंग कोणता होता?”

“मिलिटरीचा.”

“म्हणजे हिरवा का तपकिरी?”

“अरे बाबा, भादव्याचा पाऊस होता. रणगाडा कुठं दिसतो? चिखलच चालत यायलाय असं वाटलं.”

ही साक्ष वहीत नोंदवली जात नाही, कारण तीत क्रमांक नसतो. दुसरा साक्षीदार रंग पांढरा असल्याचे शपथेवर सांगतो. पुढे चौकशीअंती तो रणगाडा नसून डॉक्टरांची मोटार असल्याचे निष्पन्न होते. तिसरे आजोबा रंगाविषयी काहीच न बोलता निझामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या आठवणी सांगू लागतात, त्या ऐकण्यासारख्या असतात, चहा दोनदा होतो, आणि प्रतिकृतीकार मनातल्या मनात ‘विषयांतर’ असा शेरा मारून उठतो.

तिसरा टप्पा तीर्थयात्रेचा होय. अहिल्यानगर येथे, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे. तेथे रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो आणि युद्धात हाती लागलेल्या पॅटनपर्यंतची मंडळी उन्हात ओळीने उभी आहेत. एकट्याने एवढ्या दूर केवळ रंग पाहण्यासाठी जाणे हे घरात सांगण्याजोगे कारण नसल्यामुळे प्रतिकृतीकार कुटुंबाला शिर्डी आणि शनिशिंगणापूरचे दर्शन घडवण्याची घोषणा करतो आणि त्या पुण्यकर्माच्या पोटात संग्रहालय हळूच सरकवून देतो. ‘दहा मिनिटांत येतो’ असे सांगून आत शिरलेला गृहस्थ रणगाड्याच्या बाजूला शेडकार्ड धरून, एक डोळा मिटून उभा राहतो. मुले आइस्क्रीम मागून थकतात, गाडीचा ड्रायव्हर झोपून उठतो, आणि अखेरीस एक छटा तंतोतंत जुळते. आनंदाच्या भरात तो वहीत क्रमांक उतरवतो. जगात कोठेही उघड्यावर ठेवलेली लोखंडी वस्तू दर काही वर्षांनी रंगवावीच लागते, त्यामुळे तंतोतंत जुळलेली ती छटा १९४८ ची नसून शेवटच्या रंगकामाची असते, हे परतीच्या वाटेवर शेवगावच्या आसपास त्याच्या ध्यानात येते. त्यानंतर घरापर्यंत गाडीत कोणी फारसे बोलत नाही.

येथून पुढे अभ्यास ‘मानकां’च्या प्रांतात शिरतो. मानक म्हणजे प्रत्येक रंगाला क्रमांक देऊन त्याची नमुन्याची चकती छापलेले अधिकृत पुस्तक. अमेरिकेच्या ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ या मानकात पाच अंकी क्रमांक असतात. पहिला अंक चकाकी सांगतो, दुसरा रंगाचे कुळ, त्यामुळे ३४०८७ म्हटले की ३ म्हणजे चकाकी नसलेला आणि ४ म्हणजे हिरव्या घराण्यातला, एवढे जाणकाराला कुंडली न मांडता कळते. हे मानक १९५६ मध्ये निघाले. १९४४ साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या शेरमनला या मानकाचा क्रमांक छातीठोकपणे चिकटवणे म्हणजे निझामाच्या पत्रव्यवहारावर ४३१४०१ हा परभणीचा पिनकोड शोधण्यासारखे आहे. तरी जगभरचे प्रतिकृतीकार ते नेमाने करतात, आणि वर एका आवृत्तीतली ३४०८७ ची चकती दुसऱ्या आवृत्तीतल्या ३४०८७ शी जुळत नाही म्हणून एकमेकांशी बोलणे सोडतात.

इंग्रजांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या काळात त्यांच्या वाहनांना तपकिरी रंग असे. एप्रिल १९४४ मध्ये त्यांनी ‘एससीसी १५’ हा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा, स्वीकारला, आणि त्याचे एक कारण असे की अमेरिकेतून आलेली वाहने मुळात ऑलिव्ह ड्रॅबच असल्याने ती पुन्हा रंगवण्याचा खटाटोप वाचावा. म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या रंगासारखा दिसणारा रंग केला, आणि त्या दोन ‘सारख्या’ रंगांमधील फरक सिद्ध करण्यात आज लोकांची उमेदीची वर्षे जात आहेत. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी ‘डीप ब्राँझ ग्रीन’ हा गर्द, चकाकणारा हिरवा घेतला. त्यामुळे १९४८ च्या शेरमनबाबत तीन पक्ष तयार होतात: मूळ अमेरिकी रंग शाबूत होता असे मानणारा, मधल्या काळात इंग्रजी वर्कशॉपने हात फिरवला होता असे मानणारा, आणि गर्द हिरव्याचा पुरस्कर्ता. तिन्ही पक्षांचे पुरावे मिळून एक पोस्टकार्ड भरणार नाही, पण मते अशी पक्की की लग्नाच्या पंगतीत या तिघांना शेजारी बसवण्यात शहाणपण नाही.

‘जगात जर्मनी, देशात परभणी’ ही म्हण या जिल्ह्यातील शेंबड्या पोरालाही पाठ असते, त्यामुळे कंटाळलेला प्रतिकृतीकार कधी ना कधी जर्मनीकडे वळणार हे विधिलिखितच असते. जर्मन माणूस शिस्तीचा. त्याच्याकडे तरी घोळ नसेल, ही त्यामागची भाबडी श्रद्धा. ‘राल’ ही संस्था १९२५ मध्ये स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिने चाळीस रंगांची यादी केली, येथपर्यंत श्रद्धेला तडा जात नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने हुकूम काढला की यापुढे वाहने कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघतील आणि त्यांवर हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे ओढण्यासाठी घट्ट लगदा तुकड्यांना डब्यांतून पुरवला जाईल. हा लगदा पेट्रोलमध्ये पातळ करावा. पेट्रोल नसेल तर पाण्यात. युद्धाच्या उत्तरार्धात पेट्रोलची चणचण कशी होती हे सर्वश्रुत आहे. तेव्हा रशियातल्या एखाद्या झाडाखाली, कडाक्याच्या थंडीत, कुठल्याशा डबक्यातले पाणी ओतून, हाताला लागेल त्या कुंच्याने किंवा केरसुणीने तो लगदा फासणाऱ्या शिपायाच्या हातून जी छटा निघाली तिचा अचूक क्रमांक आज परभणीतील एक गृहस्थ शोधत असतो. रंग कालवण्याच्या कलेला ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ याहून नेमके ब्रीदवाक्य सापडणार नाही, आणि त्या शिपायाला ते ठाऊक नसूनही तो त्याप्रमाणेच वागत होता.

अधिकारवाणीचे काय होते याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र वाळवंटातले आहे. डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या बरोबरीने जे इंग्रजी माटिल्डा रणगाडे इटालियनांवर चालून गेले, त्यांच्यावर आणि त्या काळातल्या इतर वाहनांवर ब्रिगेडिअर कॉन्टर यांच्या नावाने ओळखली जाणारी, तिरप्या सरळ पट्ट्यांची तिरंगी रंगयोजना असे. नंतर संग्रहालयांतील माटिल्डांवर या योजनेतला एक पट्टा निळसर रंगवला गेला. झाले! जगभरच्या कपाटांमध्ये निळ्या पट्ट्याचे माटिल्डा अवतरले, रंगाच्या कंपन्यांनी तशा बाटल्या काढल्या, आणि वाळवंटात आकाशाशी मिसळून जाण्यासाठी निळा रंग किती शास्त्रशुद्ध आहे यावर गंभीर विवेचने झाली. पुढे मूळ कागदपत्रांतील क्रमांक तपासले असता तो निळा नसून फिकट हिरवट ‘सिल्व्हर ग्रे’ आणि त्याशेजारचा हिरवट करडा ‘स्लेट’ असल्याचे निघाले. निळ्याची शास्त्रशुद्धता पटवून देणारे सद्‌गृहस्थ आता हिरवटाची पटवून देतात, आणि त्यांच्या आवाजाची पट्टी तसूभरही उतरलेली नाही.

अमेरिकेचा तो ऑलिव्ह ड्रॅब मुळात कशाचा होत असे, हे शोधत शोधत संशोधक अखेर जेथे येऊन पोचतो तेथे त्याला बसायला पाट मागावा लागतो: पिवळी माती आणि काजळी. पिवळी माती म्हणजे ज्या पिवडीने परभणीतल्या जुन्या घरांच्या भिंती सारवल्या जात ती, आणि काजळी म्हणजे काजळी. तिची व्याख्या करण्याची गरज नाही. जपानच्या तामिया कंपनीची एक्सएफ-६२ ही बाटली आणि इंग्लंडच्या हंब्रोलची १५५ क्रमांकाची डबी, दोन्हींवर ‘ऑलिव्ह ड्रॅब’ असेच छापलेले असते, दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत, आणि दोन्ही मुंबई-पुण्याहून मागवल्या तर हमखास १८ सप्टेंबरला पोचतात. हे सारे असताना चुलीवरची काजळी बोटावर घेऊन पाहावी, असे प्रतिकृतीकाराच्या मनात येत नाही. आयात न केलेल्या वस्तूवर त्याचा विश्वास बसत नाही, आणि तसेही घरात आता गॅस असतो.

बाटली आली नाही म्हणजे पावले रंगाच्या दुकानाकडे वळतात. भारतीय मानक ‘आय. एस. ५’ मध्ये ऑलिव्ह ग्रीनचा क्रमांक २२० आहे, एवढ्या ज्ञानाच्या बळावर प्रतिकृतीकार गल्ल्यासमोर उभा राहतो.

“ऑलिव्ह ग्रीन द्या. दोनशे वीस.”

“दोनशे वीसला लिटर नाही येत सर. अर्धा लिटर न्या.”

“किंमत नाही, नंबर आहे तो.”

“बरं. काय रंगवायलात?”

“रणगाडा.”

दुकानदार व्यवसायाने मुरलेला असतो. त्याने आजवर मंदिराचे कळस, पिठाची गिरणी आणि निवडणुकीची भिंत यांना रंग पुरवलेला असतो, त्यामुळे तो दचकत नाही. “बाहेरून लावायचाय का आतून?” एवढेच तो विचारतो, आणि ‘बाहेरून’ असे उत्तर मिळताच पाच वर्षे पावसाला दाद न देणाऱ्या एक्स्टिरिअरची शिफारस करतो. प्रत्येक रंगाच्या दुकानात स्टुलावर एक गृहस्थ काहीही विकत न घेता बसलेले असतात, त्यांची बोलण्याची हीच वेळ असते. “मिलिटरीचा कलर गाडीला चालत नसतो. आरटीओ धरतंय. पासिंग कुठलं आहे, एमएच बावीस का?” यातील कायदा बरोबर आहे, हे नोंदवणे भाग आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१ व्या नियमाने संरक्षण खात्याबाहेरच्या मोटारींना ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास बंदी घातली आहे. वीतभर लांबीच्या, बिनइंजिनाच्या, प्लॅस्टिकच्या वाहनाला तो नियम लागू होतो काय, या मुद्द्यावर दुकानात अर्धा तास चर्चा होते आणि त्या काळात यंत्राने भलताच हिरवा कालवलेला असतो.

प्रतिकृतीला लागणारा रंग दहा मिलिलिटरही नसतो. डबा अर्ध्या लिटरचा असतो, आणि एकदा कालवलेला रंग दुकानदार परत घेत नाही. उरलेला रंग वाया घालवणे मराठवाड्यातल्या माणसाच्या स्वभावात बसत नाही. त्यामुळे पहिला डबा खिडकीच्या गजांवर जातो, दुसऱ्यात कूलरचा स्टँड आणि पाण्याच्या टाकीची शिडी निघते, तिसऱ्याने फाटक, मुलीची सायकल आणि पाटा-वरवंट्याखालचे स्टूल हिरवे होते. जाणकाराने अशा घराभोवती एक चक्कर मारली तर फसलेल्या छटांचा कालानुक्रम त्याला सहज वाचता येतो. अजाण पाहुणा मात्र हे निवृत्त सुभेदाराचे घर असावे असे समजून चपला रांगेत काढतो. नियम १२१ फाटकांना लागू नाही, हे सुदैव.

अशा वेळी खरी मदत ज्या संस्थेकडून येते तिचा उल्लेख रंगशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नाही. ती संस्था म्हणजे मॅचिंग सेंटर, अर्थात साडीच्या रंगाचे ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल मिळण्याचे ठिकाण. तेथे छतापर्यंत रचलेल्या टू-बाय-टू आणि रुबियाच्या ठाणांतून दुकानदार मान वर न करता नेमके ठाण ओढतो, त्याची घडी मोडून ते साडीच्या पदरावर टाकतो, आणि समोरची बाई ते दोन बोटांत धरून, ट्यूबलाइटखाली त्यावर काडीचाही विश्वास न ठेवता, “उजेडात बघू द्या” म्हणत पायरीवर जाते. दोन रंग एका प्रकाशात जुळावेत आणि दुसऱ्या प्रकाशात विजोड दिसावेत, या प्रकाराला रंगशास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. प्रतिकृतीकाराला तो शब्द उच्चारता येतो, पण रणगाडा मात्र तो रात्री साडेदहाला पांढऱ्या एलईडीखाली रंगवतो आणि सकाळी अंगणात नेऊन कपाळावर हात मारतो. मॅचिंग सेंटरच्या पायरीवरच्या बाईने तो शब्द ऐकलेला नसतो, आणि तिचा ब्लाउज कधी चुकत नाही. लाल-हिरव्या रंगांत गल्लत करणारी दृष्टी स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळते, हेही येथे विचारात घेण्यासारखे आहे. ऑलिव्ह ड्रॅबवरील जगातले बहुतेक वाङ्मय पुरुषांनी लिहिलेले आहे.

घरातील हिरव्या वस्तूंची संख्या सहनशक्तीपलीकडे गेल्यावर गृहिणी एके दिवशी रणगाड्याचा बुरूज पर्समध्ये टाकून निघते.

“कोणत्या साडीवर आहे, ताई?”

“साडीवर नाही. हे याच्यावर पाहिजे.”

दुकानदार बुरूज बोटांत फिरवून पाहतो. “काठ आहे का?”

“काठ नाही. खाली साखळी आहे.”

तीन ठाणे निघतात, पायरीवर नेली जातात, आणि चौथ्या ठाणाचा चतकोर तुकडा घरी येतो. “अहो, हा घ्या तुमचा रंग. धुतल्यावर एक शेड उतरेल म्हणाला.” वर्षानुवर्षांच्या मानकाभ्यासाने जे साधले नव्हते ते त्या चतकोराने साधते, आणि त्यामुळेच प्रतिकृतीकार तो स्वीकारायला तयार नसतो, त्याच्या मागच्या बाजूला क्रमांक कोठे आहे, असे तो विचारतो.

अखेर रंगवण्याचा दिवस उजाडतो, आणि तेथे ‘प्रमाणपरिणाम’ नावाचे नवे संकट उभे असते. दूरच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिका दिसतो. एकास पस्तीस प्रमाणाची प्रतिकृती एका फुटावरून पाहणे म्हणजे खरा रणगाडा पस्तीस फुटांवरून पाहणे. म्हणून एवढ्या कष्टाने मिळवलेल्या अचूक रंगात पांढरा मिसळून तो जाणूनबुजून चुकवावा, असे हा सिद्धान्त सांगतो. किती पांढरा, यावर एकमत नाही. एअरब्रशने, म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाचे तुषार उडवणाऱ्या लेखणीने, हा रंग द्यावयाचा असतो. पण परभणीच्या उकाड्यात तुषार प्रतिकृतीवर पोचण्याआधी हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, पाऊस आला तर रंग सुकतच नाही, आणि दोन्हींमधला सुवर्णमध्य सापडला की वीज जाऊन कॉम्प्रेसर शेवटचा सुस्कारा टाकतो. बुरुजाची डावी बाजू एका दिवशी आणि उजवी दुसऱ्या दिवशी रंगवली गेल्यामुळे तीन पक्षांपैकी दोघांचे समाधान एकाच रणगाड्यावर होते, ही जमेची बाजू.

आता प्रदर्शनाला एकच रात्र उरलेली असते. चहूबाजूंनी कोंडी झालेल्या प्रतिकृतीकाराला वहीत न नोंदवलेली साक्ष येथे अचानक आठवते: भादव्याचा पाऊस, चिखल. जिल्ह्यातली काळी, कापसाची जमीन ओली झाली की चाकाला, चपलेला आणि नांगराला कशी धरते हे सांगायला मानक लागत नाही. तो शेतावरून ढेकूळ आणतो, कुटून वस्त्रगाळ करतो, गोंदाच्या पाण्यात कालवतो आणि आधी साखळ्यांना, मग चाकांना, मग बाजूंना आणि धीर चेपल्यावर थेट बुरुजाच्या गळ्यापर्यंत लावतो. जेथे जेथे रंगाविषयी मतभेद आहेत तेथे तेथे चिखल येतो. मतभेद सर्वत्र असल्याने चिखलही सर्वत्र येतो. आयुष्यात प्रथमच त्याच्या प्रतिकृतीवर वादातीत अस्सल असे काही असते, आणि तो शांत झोपतो.

प्रदर्शनात पहिला प्रश्न चौथीतल्या मुलाचा असतो: “काका, याच्यात सेल कुठं टाकायचे?” हे खेळणे नव्हे, असे त्याला करड्या आवाजात सांगितले जाते. वास्तविक मुलाचा प्रश्न इतिहासाला धरून आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया कंपनीने आपला मोटारवर चालणारा पँथर रणगाडा काढला तेव्हा आत सेल मावावेत म्हणून जो आकार धरला तो मोजल्यावर एकास पस्तीस भरला, आणि त्यातूनच हे प्रमाण जगभर रूढ झाले. मुलाच्या मागोमाग तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी येतात, वाकून पाहतात, आणि टीका करण्यास रंगच शिल्लक नसल्याचे पाहून अस्वस्थ होतात. “छान आहे,” असे त्यांना म्हणावे लागते, हा क्षण दुर्मिळ होय.

इतक्यात गर्दीतून कृषी विद्यापीठातले एक प्राध्यापक पुढे येतात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीत आहे आणि मृदाशास्त्र, म्हणजे मातीचे शास्त्र, हा तेथील जुना विषय. पण प्रतिकृतीकाराने या आघाडीचा विचारच केलेला नसतो. प्राध्यापक रणगाड्याकडे पाहत नाहीत. ते चष्मा वर करून साखळीवरच्या मातीकडे पाहतात.

“ही कुठली?”

“इथलीच सर. शेतातली.”

“आणि रणगाडा?”

“जालन्याचा.”

प्राध्यापक काही बोलत नाहीत, फक्त पिशवीतून एक जाडजूड, कप्प्याकप्प्यांचे पुस्तक काढतात. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकी चित्रकाराने रंगाचा वर्ण, उजळपणा आणि तीव्रता मोजण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी बसवली, तिच्या आधारे केलेला मातीचा हा तक्ता जगभरचे मृदाशास्त्रज्ञ वापरतात. त्याच्या पानापानावर मातकट रंगांच्या चकत्या असतात, प्रत्येक चकतीशेजारी भोक असते, आणि त्या भोकातून ढेकूळ पाहून क्रमांक लिहायचा असतो. प्रतिकृतीकाराचे डोळे लकाकतात. प्राध्यापक रणगाडा उचलून व्हरांड्यात, उजेडात नेतात, पान उलटतात आणि साखळी भोकामागे धरतात.

“टेन वाय आर, तीन, एक,” ते म्हणतात. “पण ही आता वाळलेली आहे. नोंद कोणती करायची तुम्हाला, ओलीची का कोरडीची?”

प्रतिकृतीकार वहीचे कोरे पान उघडतो आणि विचारतो, “सर, हे पुस्तक केवढ्याला मिळतं?”